गलाईचे दुकान कोणत्या गावी मांडावे?

गेल्या वर्षी दिवाळी सरल्यावर माझ्या पुतण्याचा गावाहून फोन आला. तो २४ वर्षांचा आहे. कोईमतूरला माझ्या चुलतभावाच्या हाताखाली सहा वर्षे राहून तो गलाईचे काम शिकला. आता त्याला स्वतःचे दुकान मांडायचे आहे. "काका, कुठल्या गावाला जाऊ?" एवढेच त्याने विचारले. मी म्हणालो, "हे फोनवर सांगण्यासारखं नाही. लिहून पाठवतो."

लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले, की हा प्रश्न आमच्या भागात घरोघरी विचारला जातो. त्याची उत्तरेही जुन्या माणसांनी अनुभवाने ठरवून ठेवलेली आहेत. पण ती कोणी कागदावर मांडलेली माझ्या पाहण्यात नाहीत. मामाने भाच्याला सांगायची आणि भाच्याने पुढे आपल्या पोराला, अशीच ती चालत आली. म्हणून पुतण्यासाठी केलेले ते टिपण थोडे वाढवून या वार्षिकासाठी देत आहे. मी लेखक नव्हे. सिकंदराबादेत दुकान चालवून आता ते दुसऱ्यांच्या हाती सोपवलेला गलाईवाला आहे. चूकभूल वाचकांनी पदरात घ्यावी.

गलाई म्हणजे काय?

गलाई म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणे. सराफाकडे मोडीत आलेला जुना दागिना, सोनाराच्या कामातून उरलेले तुकडे, कानशीखाली पडलेला कीस, इतकेच काय पण सोनाराच्या खोलीतला केरही आमच्याकडे येतो. त्यातून शुद्ध धातू वेगळा करून द्यायचा आणि त्याची मजुरी घ्यायची, हा आमचा धंदा.

उदाहरण घेऊ. एका सोनाराने २२ कॅरटचे ५० ग्रॅम सोने आणले. २२ कॅरट म्हणजे शेकडा ९१.६ भाग सोने. तेव्हा त्यात शुद्ध सोने ४५.८ ग्रॅम आणि उरलेले ४.२ ग्रॅम तांबे व चांदी. हे वेगळे करण्यासाठी आम्ही आधी त्यात आणखी चांदी घालतो, हे ऐकून नव्या माणसाला नवल वाटते. त्याचे कारण असे. तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, चांदी आणि तांबे विरघळवते, सोन्याला ते लागत नाही. पण मिश्रणात सोने जास्त असेल तर ते चांदीला झाकून टाकते आणि तेजाब आत शिरत नाही. म्हणून एक भाग सोन्याला तीन भाग चांदी असे प्रमाण ठेवतात. या हिशेबात सोने चौथाई होते. हे सारे मुशीत वितळवून पाण्यात ओतले की त्याचे दाणे होतात. दाणे तेजाबात उकळले की लालसर धूर निघतो, चांदी-तांबे विरघळते आणि तळाशी तपकिरी चूर्ण राहते. ते पाहून कोणी त्याला सोने म्हणणार नाही. धुऊन, वाळवून, टाकणखार घालून पुन्हा मुशीत वितळवले की पिवळीधमक लगड हाती येते. तेजाबात गेलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून परत मिळवतात. पट्टी विरघळत जाते, चांदी खाली बसते आणि पाणी निळे होते.

केराची रीत वेगळी. केर जाळायचा, राख कुटून चाळायची, लोहचुंबकाने कानशीचे लोखंड काढायचे आणि मग ती राख शिशाबरोबर वितळवायची. शिसे सोने-चांदी आपल्यात ओढून घेते. पुढे हाडांच्या राखेच्या वाटीत ते तापवले की शिसे राखेत मुरते आणि वर सोन्या-चांदीचा मणी उरतो. सोनाराची राख धुऊन सोने काढणाऱ्याला जुन्या मराठीत झारेकरी म्हणत. शब्द मागे पडला, काम चालू आहे.

आम्ही बाहेर का पडलो?

सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा पट्टा आणि त्याला लागून साताऱ्याकडचे माण-खटाव तालुके. पाऊस सह्याद्रीवर पडून जातो, आमच्याकडे ढग तेवढे येतात. १९७२ च्या दुष्काळात मी १० वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जात असे आणि कामावर मिळालेली सुकडी आमच्यासाठी पदरात बांधून आणत असे. माझे मामा त्याच्या आधीच सिकंदराबादला गेले होते. १९७९ साली दहावी झाल्यावर मी त्यांच्यामागे गेलो. आमच्याकडे शेत विकून कोणी गाव सोडले नाही. एका भावाने शेत राखायचे आणि दुसऱ्याने भट्टी पेटवायची, अशी घराघरात वाटणी झाली. आज केरळपासून उत्तरेपर्यंत सराफी पेठ असलेल्या अनेक शहरांत आमचे गलाई बांधव सापडतील. खरसुंडीला सिद्धनाथाच्या यात्रेत एका घराच्या ओसरीवर चार भावांच्या पोरांत चार मुलखांच्या भाषा ऐकू येतात, त्याचे कारण हे.

मी बारा वर्षे मामांकडे राहिलो. त्या काळात स्वतःचे दुकान मांडणे सोपे नव्हते. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. ती अट पुढे सैल झाली, पण १९६८ साली स्वतंत्र कायदा झाला आणि परवाने, नोंदवह्या, तपासण्या यांचे ओझे राहिले. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. दुसऱ्याच वर्षी मी मामांना म्हणालो, "मी आता वेगळं बघावं म्हणतो." मामा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "कुठलं गाव धरलंस?"

माझ्या मनात तीन गावे होती. कोईमतूर, तिथे दागिने घडवण्याचा मोठा धंदा आहे. त्रिशूर, केरळातले सोन्याचे मोठे केंद्र. आणि प्रोद्दुटूर, आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातले सोन्याच्या आणि कापडाच्या व्यापाराचे गाव. मुंबईचा झवेरी बाजार मनातही आणला नाही, कारण तिथे जागेची पागडी देण्यातच माझे सगळे भांडवल गेले असते. मामांनी सांगितले, की प्रत्येक गावी तीन दिवस राहून ये आणि मग ठरव. काय पाहायचे तेही सांगितले. ते मी कसोट्यांच्या रूपाने पुढे मांडतो.

पहिली कसोटी : हातोड्या मोजाव्यात

मामांचे बोल असे होते : "दुकानं मोजू नगंस, हातोड्या मोज. गाव बघायचं तर सकाळी बघ, केर काढत्यात तवा."

नवखा माणूस सराफ कट्ट्यावरची झगमगती दुकाने पाहून भुलतो. पण ज्या दुकानात दागिने बाहेरगावाहून घडून येतात तिथे गलाईवाल्याला काम नसते. आमचे पोट कारागिरावर आहे. जिथे तो बसतो तिथे कीस पडतो, तुकडे उरतात, केर साठतो. म्हणून मागच्या बोळांतून सकाळी फिरावे. किती खोल्यांतून ठोकण्याचा आवाज येतो, किती ठिकाणी फुंकणी चालू आहे, केर उकिरड्यावर जातो की डब्यात जपून ठेवला जातो, हे पाहावे. केर डब्यात दिसला तर समजावे, की या गावात केराची किंमत माहीत आहे आणि तो घेणारा कोणीतरी आहे.

दुसरी कसोटी : चांदी किती अडकेल?

भांडवल म्हटले की लोक जागेचे भाडे आणि भट्टीचा खर्च धरतात. गलाईत खरे भांडवल असते ती खेळती चांदी. वर सांगितलेल्या ५० ग्रॅमच्या कामालाच सुमारे १३७ ग्रॅम चांदी लागते. दिवसाला २०० ग्रॅम सोने गाळायचे असेल तर ६०० ग्रॅम चांदी त्या दिवशी तेजाबात जाते आणि ती परत हाती येईपर्यंत दुसरा दिवस उजाडतो. म्हणजे निदान १,२०० ग्रॅम चांदी आपल्या मालकीची हवी. ती घटत नाही, पण मोकळीही होत नाही.

यावरून गावाचा आकार ठरतो. हाताशी चांदी थोडी असताना मोठ्या पेठेत बसलात तर आलेले काम परत पाठवावे लागते, आणि एकदा परत गेलेला सोनार पुन्हा येत नाही. माझ्याकडे तेव्हा दीड किलोही चांदी नव्हती. त्या हिशेबाने कोईमतूर मला पेलणारे नव्हते.

तिसरी कसोटी : आपली माणसे किती?

ज्या गावी आपले कोणीच नाही तिथे जाऊ नये आणि जिथे आपलेच फार झाले तिथेही जाऊ नये. आपले कोणी नसेल तर अडीनडीला चांदी उसनी कोणाकडे मागणार? आजारी पडलात तर भट्टी कोण सांभाळणार? जागेच्या मालकाला जामीन कोण राहणार? उलट, एकाच बोळात आपली पाच दुकाने झाली की पाचही जण मजुरी पाडतात आणि सोनार त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवतो. गाववाल्याच्या दारासमोर दुकान मांडायचे नाही, हा आमच्यात न लिहिलेला नियम आहे. तो मोडणाऱ्याला यात्रेत चारचौघांत ऐकून घ्यावे लागते. त्रिशूरला मला हीच अडचण दिसली. गाव उत्तम होते, पण मला परवडेल अशी एकच जागा मिळत होती आणि ती गाववाल्याच्या समोरची होती.

चौथी कसोटी : धूर आणि पाणी

आमच्या कामातला लालसर धूर छातीला वाईट, शेजाऱ्याच्या आणि आपल्याही. म्हणून वरच्या मजल्यावरची, मागे मोकळी जागा आणि उंच धुराडे उभारता येईल अशी खोली पाहावी. तांब्याचे निळे पाणी गटारात सोडू नये. मी तरुणपणी सोडले आहे, हे इथे कबूल करतो. आज कोणी तसे करू म्हणेल तर करता येऊ नये आणि करूही नये. तेजाबाची सोयही आधीच पाहून ठेवावी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर आम्लांच्या विक्रीवर कडक बंधने आली. ओळखपत्र आणि नोंद यांशिवाय ते मिळत नाही, आणि तसेच असायला हवे. परवानाधारक विक्रेता दूर असेल तर लहान गावात काम दोन-दोन दिवस अडते.

पाचवी कसोटी : बाजाराची बोली

मी शेवटी प्रोद्दुटूर धरले. हातोड्या पुरेशा होत्या, आमच्या भागातली दोनच घरे होती आणि भाडे माझ्या ऐपतीतले होते. सिकंदराबादेत बारा वर्षे काढल्यामुळे तेलुगूही येते, असे मला वाटत होते. पण सिकंदराबादच्या बाजारात हिंदीवर काम भागते. रायलसीमेतल्या गावात ते भागत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळले.

एक वयस्कर कारागीर सोने घेऊन आला. त्याने विचारले, "तरुगु एंत?" 'एंत' म्हणजे किती, हे मला माहीत होते. 'तरुगु' म्हणजे मजुरी असावी असे समजून मी ऐटीत म्हणालो, "इरवै." म्हणजे वीस. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदा पाहिले, सोने उचलले आणि तो चालता झाला. शेजारच्या कारागिराने नंतर हसत हसत सांगितले, की 'तरुगु' म्हणजे घट. मी त्याला शंभरात वीस घट सांगितली होती! ५० ग्रॅममध्ये अर्धा टक्का फरक पडला तरी पाव ग्रॅम सोने जाते. ज्या धंद्यात पाव ग्रॅमवरून माणसे कायमची दुरावतात, तिथे मी दिवसाढवळ्या दहा ग्रॅम मागितल्यासारखे झाले. तो म्हातारा पुढे माझा गिऱ्हाईक झाला, पण त्याला आठ महिने लागले.

म्हणून बाजाराची बोली हे गलाईवाल्याचे अवजारच समजावे. सोन्याला तेलुगूत बंगारम, तमिळमध्ये तंगम, कन्नडमध्ये चिन्न म्हणतात. चांदीला वेंडि, वेळ्ळि, बेळ्ळि. हे शब्द आठवड्यात येतात. कठीण असतात ती मापे आणि घटीचे, कसाचे, उधारीचे शब्द. आपण तोळा म्हणतो. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता व्यवहारात १० ग्रॅमचा धरतात. तमिळ आणि मल्याळी मुलखात कारागीर पवनात बोलतो आणि पवन ८ ग्रॅमचे असते. तोळ्याचा भाव डोक्यात ठेवून पवनाचा सौदा करणारा माणूस पहिल्याच दिवशी बुडतो. सोनाराला आपले काम दिसत नाही. मुशीत काय झाले ते त्याला आपल्या तोंडूनच कळते. ते त्याच्या भाषेत नीट सांगता आले तरच विश्वास बसतो.

जी कसोटी मी लावली नाही

या पाच कसोट्या मामांनी मला दिल्या आणि पाचही खऱ्या ठरल्या. प्रोद्दुटूरने मला घर दिले, दुकान दिले, माणसे दिली. दसऱ्यात तिथल्या कन्यका परमेश्वरीच्या देवळात आम्ही घरच्यासारखे जात असू. चूक झाली ती सहाव्या कसोटीत, जी मामांनी सांगितली नाही आणि मला सुचली नाही. १९९१ साली माझे लग्नही झाले नव्हते.

१९९३ मध्ये मुलगी झाली. ती अंगणात तेलुगू बोलली, शाळेत इंग्रजी शिकली, हिंदी हा एक विषय होता. घरात आम्ही मराठी बोलत होतो, तेवढे पुरेल असे वाटले. आपल्या आजोबांना ती 'ताता' म्हणायची. तेलुगूत आजोबांना ताता किंवा तातय्या म्हणतात. माझ्या वडिलांना गावात सगळे तात्या म्हणत. नातीने आपल्याला बरोबर हाक मारली म्हणून ते खूश असायचे आणि त्यांना खरे कारण सांगायचा आम्हाला कधी धीर झाला नाही.

२००४ मध्ये आम्ही सिकंदराबादला परतलो. हैदराबादेत मराठीची कमतरता नव्हती. जांबागेतली विवेकवर्धिनी होती, इसामिया बाजारातले मराठी ग्रंथसंग्रहालय होते, नाटके, व्याख्याने होती. पण मुलगी तोवर ११ वर्षांची झाली होती. शाळेचे माध्यम बदलणे तिला झेपणारे नव्हते आणि आम्हीही नेट लावला नाही.

त्याची किंमत कळली ती वडील गेल्यानंतर, जमिनीच्या वाटणीच्या वेळी. वडिलोपार्जित जमीन, म्हणून मुलीच्याही सहीचा एक कागद गावाहून आला. वर 'हक्कसोडपत्र' असे लिहिले होते. हिंदी शिकल्यामुळे तिला देवनागरी वाचता येते. तिने तो कागद अडखळत, पण शब्द न् शब्द वाचला आणि मला विचारले, "बाबा, 'हक्कसोड' म्हणजे हक्क सोडवून घ्यायचा की सोडून द्यायचा?"

मी बराच वेळ गप्प राहिलो. कागद पाठवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, आमच्याकडे मुलींच्या सह्या अशाच घेतल्या जातात. पण तिने मला विचारले नसते आणि मान खाली घालून सही केली असती, तर आपण काय लिहून दिले ते तिला कधी कळलेही नसते. दुकानात मी वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या भाषेतली पावती ओळीओळीने वाचून मगच सही करत आलो आणि माझ्या मुलीला स्वतःच्या भाषेतला कागद कळत नव्हता. आम्ही तो कागद बाजूला ठेवला. भावाला सगळे नीट सांगितले. वाटणी पुन्हा बसून केली आणि तिचे नाव राहिले.

तेव्हा सहावी कसोटी अशी : या गावी आपल्या मुलांना मराठी वाचायला-लिहायला शिकवील असे कोण आहे? शाळा असेल तर उत्तम. नसेल तर ग्रंथालय, मंडळ, निदान रविवारी तासभर देणारे एखादे घर. यातले काहीच नसेल तर ते काम आपल्याच घरात आपल्यालाच करावे लागेल, हे जाण्याआधी समजून जावे. बोललेली मराठी घरात टिकते. लिहिलेली मराठी शिकवल्याशिवाय येत नाही.

आता काय बदलले?

पुतण्याचा काळ माझ्यासारखा नाही. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि तोंडी चालणारे बरेचसे व्यवहार कागदावर आले. जून २०२१ पासून २५६ जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा झाला आणि पुढे ही जिल्ह्यांची यादी वाढत गेली. १ एप्रिल २०२३ पासून सहा आकडी-अक्षरी ओळखक्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. मोठ्या पेढ्या जुने सोने स्वतःच घेतात आणि मोठ्या शुद्धीकरण कारखान्यांकडे पाठवतात. टंच पाहायला क्ष-किरणांवर चालणारी यंत्रे आली. दागिना ठेवला की मिनिटभरात आकडा दिसतो.

म्हणून गलाई संपली, असे पुष्कळजण म्हणतात. मला तसे वाटत नाही. ते यंत्र दागिन्याचा वरचा थर वाचते, आतले त्याला दिसत नाही. खात्री करायची असेल तर आजही हॉलमार्कच्या प्रयोगशाळेत शिशाचा आणि हाडांच्या राखेचा, म्हणजे आमच्या केराच्या भट्टीचाच मार्ग धरतात. आणि २२ कॅरटचा शिक्का हवा असेल तर लहान कारागिरालाही आधी शुद्ध सोने हाती लागते. हे काम ठिकठिकाणी विखुरलेल्या कारागिरांच्या गावांतच उरेल. मोठ्या शहरात ते कारखाने घेऊन जातील. मधल्या आकाराचे, हाताने घडवणाऱ्यांचे गाव धरावे, या मताला मी अजून धरून आहे तो यामुळे.

आणखी एक बदल झाला आहे. टेंभू योजनेचे पाणी आमच्या भागात आले. आटपाडीकडे डाळिंबाच्या बागा आहेत, विट्याला यंत्रमाग आहेत. माझ्यापुढे बाहेर जाणे किंवा खडी फोडणे एवढेच होते. पुतण्यापुढे घरी राहणे हाही खरा पर्याय आहे. म्हणून मी त्याला सर्वांत आधी विचारले, "जायलाच पाहिजे का?" तो म्हणाला, "काका, मला भट्टीचं काम आवडतं." मग मी पुढचे सांगितले.

पुतण्याला काय सांगितले?

त्याच्या मनात दोन गावे होती. नेल्लोर, जिथे सोन्याच्या घडणावळीचा जुना लौकिक आहे, आणि सेलम, जिथे चांदीचे पैंजण घडतात. पाचवी कसोटी लावली तर सेलम जवळचे, कारण कोईमतूरला राहून तो तमिळ बोलायला शिकला आहे आणि पवनाचा हिशेब त्याला झोपेतही येतो. नेल्लोरला तेलुगूचा श्रीगणेशा करावा लागेल, माझ्यासारखा 'तरुगु'पासून. पण तो शिकला आहे सोन्याचे काम. चांदीच्या गलाईत वजन मोठे, ग्रॅममागे कमाई लहान. भट्टी मोठी लागते, जागाही मोठी लागते. तेव्हा दोन्ही गावी तीन-तीन दिवस राहून ये, सहाही कसोट्या वहीत लिही आणि मग ठरव, असे मी त्याला लिहिले.

सहावी कसोटी वाचून त्याने फोन केला. "काका, माझं लग्न ठरायचंय अजून. शाळा आत्ताच कशाला बघू?" मी म्हणालो, "मीही असंच म्हणालो असतो." मग त्याला हक्कसोडाची गोष्ट सांगितली. ती त्याला घरात कोणी सांगितली नव्हती.

शेवटी या वार्षिकाच्या कर्त्यांना दोन गोष्टी सुचवतो. मूस, लगड, टंच, कस, झारेकरी, चौथाई यांसारखे आमच्या धंद्याचे मराठी शब्द आता सत्तरीत आलेल्या माणसांच्याच तोंडी आहेत. यात्रेला ते सगळे एका जागी भेटतात. तिथे जाऊन कोणी ते टिपून घेतले तर एक लहान कोश सहज होईल. आणि ज्या गावांत मराठी शाळा नाही पण दहा-वीस मराठी घरे आहेत, तिथे रविवारचा एक वर्ग चालवायला माणूस आणि पुस्तके मिळाली तर बरे. त्या वर्गात बाराखडीबरोबर सातबारा, फेरफार, वारसनोंद आणि हक्कसोडपत्र हेही वाचायला शिकवावे.

पुतण्या मागच्या महिन्यात सेलमला जाऊन आला. वहीच्या पानाचा फोटो त्याने मला पाठवला. हातोड्या, चांदी, आपली घरे, धुराडे, बोली, सगळ्यांपुढे काही ना काही लिहिलेले आहे. सहाव्या ओळीपुढे लिहिले आहे, "विचारले. एका घरी मुलांना आजी शिकवते. त्यांना भेटलो." आता तो नेल्लोरला जाणार आहे.